उत्तरेच्या खिडकीचा गाळा

मुंबईच्या उपनगरात गाळा शोधायला निघालं की पहिला प्रश्न भाड्याचा येत नाही. पहिला प्रश्न येतो, "धंदा कसला?" पोळीभाजी केंद्र म्हणा, मोबाईल रिपेअरिंग म्हणा, दाताचा दवाखाना म्हणा, इस्टेट एजंट लगेच खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढतो. आम्ही म्हणायचो, "बंदुकांची दुरुस्ती आणि विक्री. परवाना आहे." मग जुडगा खिशातच राहायचा आणि मागवलेला चहाही घाईघाईने संपवला जायचा.

आम्ही म्हणजे मी आणि माझे बाबा. अंधेरी पूर्वेला, पिठाच्या गिरणीला लागून, आमचं पागडीवर घेतलेलं दुकान होतं. बाबा गावाकडून नोकरीसाठी आले ते शहरातल्या एका जुन्या बंदुकीच्या दुकानात झाडलोट करायला लागले, तिथेच काम शिकले आणि पुढे स्वतःचा परवाना काढून अंधेरीत बसले. मी लग्नानंतर गोरेगावला राहायला गेले, पण काउंटर सोडलं नाही. कागदपत्रं, टेलिफोन, पोलीस ठाण्यात द्यायची माहिती हे सगळं माझ्याकडे, आणि हत्यारं बाबांकडे. गिरणीचं पीठ उडून आमच्या काचेवर बसायचं. बाबा रोज सकाळी ते ओल्या फडक्याने पुसायचे आणि गिरणीवाल्याला रोज तीच एक शिवी द्यायचे. त्याला ती ऐकल्याशिवाय चैन पडत नसे.

बंदुकीचं दुकान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सिनेमा येतो. आमच्याकडे यायचे ते बँकेच्या दारात स्टुलावर बसणारे गार्ड, कोकणात आंब्याची बाग असलेले आणि माकडांनी जेरीला आणलेले काका, नाहीतर आजोबांची दुनळी बंदूक वारशाने गळ्यात पडलेली आणि तिचं काय करावं हे न कळणारी भली माणसं. निवडणूक लागली की परवानाधारकांना आपापली हत्यारं जमा करावी लागतात. पुष्कळ जण ती आमच्याकडे आणून ठेवायचे. त्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसायची आणि बाबा लग्नघरातल्या यजमानासारखे मिरवायचे.

आम्ही बौद्ध. घरी संध्याकाळी वंदना आणि दुकानात बंदुका. मामा दर भेटीत चिडवायचा, "दाजी, ते जीवहत्या न करण्याचं पहिलं शील जरा मोठ्याने म्हणा बघू." बाबा म्हणायचे, "मी फक्त दुरुस्त करतो. आणि माझं गिऱ्हाईक बँकेच्या दारात बसून झोपा काढतं. त्याच्या हातून डास मरत नाही."

पण एका बाबतीत त्यांच्यापुढे चेष्टा चालत नसे. नळी माणसाकडे वळवायची नाही. बंदूक रिकामी असो, मोडकी असो, नुसती नळी सुटी काढलेली असो. लहानपणी मी एकदा छत्री खांद्याला लावून त्यांच्यावर रोखली होती. आयुष्यात तेवढा एकदाच त्यांचा हात माझ्यावर उठला.

दुकानाच्या मागे उत्तरेकडे खिडकी होती आणि खिडकीशी त्यांचं टेबल. बाहेर एका गोदामाची आंधळी भिंत आणि वर आकाशाचा पट्टा, माणूस म्हणून कुणी नाही. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो, त्यात ऊन घुसत नाही. सुटी नळी डोळ्याला लावून बाबा त्या उजेडाकडे बघायचे. आत उजेडाच्या गोल कड्या दिसतात, एकीच्या आत एक. एखादी कडी जरा लांबट झाली की समजायचं, नळी तिथे वाकली आहे. मी म्हणायचे, ट्यूबलाईट आहे की. ते म्हणायचे, "ट्यूबलाईट खोटं बोलते." दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी काउंटरवर बसून त्यांच्याकडे बघत राहायचे. मान किंचित तिरकी, श्वास धरलेला, तेलाचा वास आणि पलीकडे गिरणीची घरघर. आज मला कुणी विचारलं, काय हवं, तर मी तसली एक दुपार मागेन. आठवड्यातला कुठलाही वार चालेल.

मग इमारत पाडायची ठरली. नव्या इमारतीत दुकानं येणार होती, पण बिल्डरला आमच्यासारखा शेजार नको होता. त्याने आम्हाला पैसे देऊन मोकळं केलं. त्या पैशात अंधेरीत एखादी टपरी आली असती. म्हणजे भाड्याचा गाळा शोधणं आलं आणि तोही लवकर, कारण आमच्या धंद्यात परवान्यावर माणसाच्या नावाइतकाच जागेचा पत्ता महत्त्वाचा. जागा गेली की नवी जागा दाखवायची, पोलीस येऊन भिंती, दार, गज बघून जाणार, मालकाची आणि सोसायटीची लेखी संमती लागणार, मग पत्ता बदलून मिळणार. तोवर आमचा माल आणि गिऱ्हाइकांच्या बंदुका बाबांच्या ओळखीच्या एका परवानाधारक दुकानात ठेवल्या. ठरलेल्या मुदतीत जागा मिळाली नाही तर परवाना परत करायचा होता. बाबा सत्तरी ओलांडलेले, आई जाऊन बरीच वर्षं झालेली. एकदा परत केलेला परवाना ह्या वयात पुन्हा मिळणार नाही हे दोघांनाही कळत होतं. गाळा मिळाला नाही तर सकाळी उठून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाबा जाणार कुठे, ह्या विचाराने माझी झोप उडाली होती.

निघताना बाबांनी घरातली पडद्याची जुनी पितळी नळी घेतली आणि हातभर कापली. बंदुकीची खरी नळी अशी पिशवीत घालून गावभर फिरवता येत नाही. कुठल्याही गाळ्यात शिरलं की भाड्याच्या आधी ते खिडकी शोधायचे आणि नळी डोळ्याला लावून उजेड तपासायचे. बहुतेक गाळ्यांना खिडकीच नसायची. एजंट म्हणायचा, "अंकल, लाईट लावा ना." बाबा त्याच्याकडे कीव आल्यासारखे बघायचे.

वर्सोव्याला खाडीच्या बाजूला एक गाळा अगदी आमच्या ऐपतीतला निघाला. मालक कोळी, दिलदार माणूस. म्हणाला, "बंदूक ठेव नायतर तोफ ठेव, भाडा टायमावर दे." मी मनात शटरवर पाटी लावूनसुद्धा टाकली. बाबांनी शटरवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोट तांबडं झालं होतं. "खारा वारा आहे. वर्षभरात सगळ्या नळ्या खाऊन टाकेल," ते म्हणाले. मालकाने मग आम्हाला बोंबील दिले आणि भाड्याचा विषय काढला नाही.

दिंडोशीला कोर्टाजवळ एका वकिलाचा गाळा होता. ते हसून म्हणाले, "माझ्या अशिलांना वाटेल मी त्यांची सोयच करून ठेवलीय." तिथेही नाही. घाटकोपरचा एजंट तरुण होता आणि त्याला आमचं वाईट वाटायचं. "काका, स्पोर्ट्स गुड्स बोला ना यार. एअरगन स्पोर्ट्समध्येच येते ना? पेपर नंतर बघू." बाबा म्हणाले, "परवान्यावर आहे तेच बोलणार. उद्या पोलीस तपासायला येतील, तेव्हा त्यांना काय बॅडमिंटन दाखवू?" बोरिवलीत सोसायटीच्या चेअरमनने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही, तुम्ही तर बंदूक म्हणताय." मग आडनाव विचारलं. ते ऐकल्यावर पुन्हा अंड्याचा विषय काढला. बाहेर आल्यावर मी तावातावाने म्हणाले, बंदुकीमुळे नाही म्हणाला की आडनावामुळे? बाबा म्हणाले, "दोन्ही धर. सोपं पडतं." मला त्यांच्या ह्या शांतपणाचा भयंकर राग यायचा. मी वाटेत रिक्षावाल्याशी भांडून तो काढला.

मुलुंडला मात्र सगळं जमून आलं. मालकीणबाई निवृत्त नर्स होत्या. गाळ्यात आधी शिंप्याचं दुकान होतं, ते बंद पडलेलं. भाडं झेपणारं, भिंती जाड, दार एकच, आणि मागे उत्तरेला चांगली मोठी खिडकी. सोसायटी कुरकुरत होती, पण बाईंनी कमिटीच्या सभेत जाऊन सुनावलं, "शिंपी दारू पिऊन रात्री कात्री नाचवायचा तेव्हा कुणाला भीती वाटली नाही. ह्या माणसाकडे सरकारचा परवाना आहे." मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. संमतीचं पत्र टाईप झालं. ते घेऊन सेक्रेटरी रविवारी सकाळी गाळ्यावर येणार होते.

त्या रविवारी बाबा इतके खूश होते की मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यांनी टेबल कुठे येईल ते खडूने जमिनीवर आखलं. काउंटर कुठे, तिजोरीसारखं लोखंडी कपाट कुठे, सगळं आखलं. सेक्रेटरी आले, हातात पत्र. मालकीणबाईंनी पेढे आणले होते. मी पेढा तोंडात घालते आहे तोच बाबा खिडकीशी गेले, पिशवीतून पितळी नळी काढली, डोळ्याला लावली आणि उजेडाकडे धरली.

समोर, अरुंद रस्त्यापलीकडे, दुसऱ्या इमारतीची गॅलरी होती. भगव्या गाऊनमधली एक बाई गॅलरीच्या डाव्या टोकाला कपडे वाळत घालत होती. तिने समोर बघितलं आणि अशी किंकाळी फोडली की खालच्या रस्त्यावरचा भाजीवाला गाडी सोडून पळाला. बादली खाली आपटली. बाबांनी दचकून नळी खाली घेतली आणि मलाच विचारलं, "काय झालं गं?"

पुढचं फार भराभर झालं. दोन्ही सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅपवर आमचा फोटो फिरला, शिंप्याच्या दुकानात बंदूकवाला घुसलाय म्हणून. गर्दी झाली, पोलीस आले. हवालदाराने नळी हातात घेतली, आरपार बघितली आणि म्हणाला, "काका, हिचा पडदा कुठाय?" तो हसला, आम्हीही हसलो. सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांनी पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि मालकीणबाईंना म्हणाले, "मॅडम, बघितलंत ना?" आम्ही निघताना बाईंनी पेढ्यांचा पुडा माझ्या पिशवीत ठेवला.

आम्ही रिक्षात बसलो. मी आधी सेक्रेटरीला, मग गाऊनवालीला आणि मग मनातल्या मनात बाबांनाही भरपूर बोलून घेतलं. हा नियम मला मारून शिकवणारा माणूस, ह्याने कशी नळी धरली माणसासमोर? भांडूपच्या सिग्नलला ते हळूच म्हणाले, "तिथे खरंच बाई होती?"

"गॅलरीच्या टोकाला होती, बाबा. भगवा गाऊन. अख्ख्या मुलुंडला दिसली."

"मला नाही दिसली. नळी उचलायच्या आधी मी बघितलं होतं. मला रिकामं दिसलं."

मला आधी वाटलं सारवासारव चालली आहे. मग आठवलं की हल्ली ते भाजीवाल्याच्या पाटीला अडखळतात, शेजारून कुणी हाक मारली की दुसरीकडेच बघतात. मी ते वयावर घातलं होतं. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी यंत्रासमोर बसवून ठिपके दाखवले, तपासणी केली आणि काचबिंदू असल्याचं सांगितलं. मधली नजर चांगली आहे, कडेची बरीच गेलेली आहे. गेलेली परत येणार नाही, थेंब घालून उरलेली सांभाळायची. बाबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे नळीतून बघायला काही हरकत नाही?" डॉक्टर म्हणाले, "कशातून?"

त्यानंतर मी एकटीच हिंडायला लागले. माझ्या अंगात जणू काही संचारलं होतं. डोळ्यांचं डोळ्यांपाशी, आधी गाळा हवा, असं मी घरात सगळ्यांना बजावलं. नवरा म्हणाला, "अगं, आता तरी थांब." मी त्याच्याशी आठवडाभर कामापुरतंच बोलले. थांबले तर बाबा घरात बसलेले दिसतील, टीव्ही लावून, आवाज बंद करून, आणि मला ते बघायचं नव्हतं. मला त्यांची मान तिरकी हवी होती, खिडकीशी.

आणि गाळा मिळाला. त्याच घाटकोपरच्या एजंटने फोन केला. "ताई, स्पोर्ट्स गुड्स नाही बोललो. खरं तेच सांगितलं. तरी हो बोलले." औद्योगिक वसाहतीतला मागच्या अंगाचा गाळा. मालक पुठ्ठ्याची खोकी बनवायचे आणि आता धंदा भिवंडीला नेत होते. वसाहतीच्या कमिटीने लेखी संमती दिली, कारण आजूबाजूला राहणारं कुणी नव्हतंच. भाडं मागच्या बाजूमुळे कमी. खिडकी उत्तरेला, आणि बाहेर टेकडीचा कातळ. चिटपाखरू नाही. मी एकटी जाऊन त्या खिडकीशी उभी राहिले तेव्हा मला रडू आलं. मी रडले, मालकांना वाटलं भाडं कमी करून हवंय.

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन गेले. गाळा बघून ते म्हणाले, "झकास आहे." भिंतीवर हात फिरवला, गज हलवून बघितले. मग खिडकीशी गेले. पितळी नळी काढली, पण डोळ्याला लावली नाही.

"बाहेर कुणी आहे?"

"कुणी नाही, बाबा. खडक आहे."

"बघ नीट."

"बघितलं. कुणी नाही."

"आणि आत? माझ्या बाजूला?"

"मीच आहे."

"कुठल्या बाजूला?"

मी त्यांच्या डावीकडे होते. इतकी जवळ की त्यांच्या शर्टाची बाही माझ्या हाताला लागत होती. मी सांगितलं, डावीकडे. त्यांनी पूर्ण वळून माझ्याकडे बघितलं. मग नळी पुन्हा पिशवीत ठेवली.

"मी रोज येईन," मी म्हणाले. "सकाळी दुकान उघडल्यापासून. तुमच्या शेजारीच उभी राहीन. कुणी आलं तर सांगेन."

"आणि तू चहा सांगायला गेलीस, तेवढ्यात गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तर? माझ्या हातात तेव्हा पडद्याची नळी नसेल." त्यांचा आवाज अगदी रोजचा होता. "दर वेळी विचारून नळी उचलायची, म्हणजे ती मी उचलूच नये. इतकं साधं आहे गं."

मी भांडले. डॉक्टर म्हणाले मधली नजर चांगली आहे, दुरुस्ती तर खाली टेबलावर होते, फक्त विक्री करू, फक्त निवडणुकीत बंदुका ठेवून घेऊ, एखादा कारागीर ठेवू. मी सुचेल ते बोलत गेले. ते ऐकत राहिले. मालक दारात उभे होते, त्यांना आमच्यात काय चाललंय ते कळेना. त्यांनी घाबरत विचारलं, "काका, भाडं जास्त वाटतंय का? थोडं इकडेतिकडे करू."

बाबा म्हणाले, "नाही हो. भाडं अगदी बरोबर आहे."

परवाना परत करायला ते स्वतः आले. मी एकटी जाऊन देते म्हणाले, पण त्यांनी ऐकलं नाही. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. कचेरीच्या लांबलचक व्हरांड्यात नेहमीच्या सवयीने मी त्यांच्या बाजूने चालत होते आणि ते सारखे थांबून मान वळवत होते. मला वाटलं त्यांचं मन फिरतंय. वेडी आशा, तेवढ्यातही आली. मग कळलं, ते मला शोधत होते. मी थोडी पुढे झाले आणि त्यांना दिसेन अशी चालत राहिले.